वर्गाचा बर्फ, साहेबाचा मठ्ठा

बर्फ न्हाई! ऐकताव ना? बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, निलंग्याचं ऊन, अन् बर्फ न्हाई! मागल्या साली मी याच प्रॅक्टिकलात आपटलो. अण्णांनी, माझ्या वडलांनी, बजावलंतं, "व्यंकट, औंदा गेलास तर पुस्तकं गुंडाळ अन् ट्रॅक्टरवर बस." आता सांगा, जीव टांगणीला लागंल का न्हाई?

मला दिलेल्या बाटलीत निघालं अमाइन नावाचं रसायन. प्रायमरी, सेकंडरी का टर्शरी, ते वळखायचं. क्लोरोफॉर्म टाकलं, अल्कोहोलातलं पोटॅश टाकलं, जरा गरम केलं... आगागागा! असला घाण वास, की शेजारची शिवकन्या वरडली, "काय मेलं रं इथं?" अन् मी नाचून राहिलो! अहो, तो वास फक्त प्रायमरीलाच येतो!

पर एक्स्टर्नल साहेब, नांदेडहून आलेले परीक्षक, नाकाला रुमाल लावून म्हणतात कसे, "प्रायमरी, ठीक. ॲरोमॅटिक की ॲलिफॅटिक? रंग काढून दाखवा." म्हंजे बेंझीनवालं का बिगर बेंझीनचं. बेंझीनवालं असलं तरच रंग येतो. त्या रंगाला नळी बर्फात लागती, गरम झाली की खेळ खलास. अन् बर्फ न्हाई!

पळालो नरसिंगमामाकडं, आमच्या लॅबचे शिपाई. "मामा, रसवंतीवरून आणलेला बर्फ कुठंय?" मामा एकदम निवांत, "केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणल्या, साहेबाला मठ्ठा करा. नांदेडचा पाव्हणा, त्याला काय कोमट पाजू व्हय?" घ्या! अख्ख्या वर्गाचा बर्फ साहेबाच्या मठ्ठ्यात!

टेबलावर साहेबाचा भलामोठा ग्लास. काठोकाठ बर्फ, वर मीठ... अन् बर्फात मीठ म्हंजे अजूनच गार! मागचापुढचा इचार केलाच न्हाई, खुपसली नळी! ॲसिड, नायट्राइट, मग नॅप्थॉल... तुम्हाला सांगतो, काय रंग! केशरी-लाल, भडक! "आला! आला!" म्हणून नळी उचलून नाचवली, अन् रंग सांडला मठ्ठ्यात.

तेवढ्यात साहेब. "वा! केशर घातलं का?" ग्लास चालला ओठाला! गप बसावं तर साहेब जातात, बोलावं तर मी जातो! वरडलो, "सर, पिऊ नका! त्यात माझा रिझल्ट हाय!"

साहेबांनी ग्लासात बघितलं, नळीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ॲरोमॅटिक प्रायमरी. पास."

पास! मी वाकलो पाया पडायला, तर वरून आवाज, "ते राहू द्या हो. मी आता पिऊ काय?"

मग काय... भर उन्हात निलंग्याच्या रस्त्यानं केमिस्ट्रीचा नवा ग्रॅज्युएट बर्फ आणायला पळून राहिला.