संचालकांना ‘तू’

—नाही हो प्योताई, बसत नाही, मला फक्त ते पत्र परत द्या. सकाळी मी योमसाहेबांना मेल केलेलं, त्यांना कागदावर लागतं म्हणून तुम्ही छापून ठेवलेलं—हो, तेच, निळ्या फायलीतलं. चूक झालीय. छोटीशीच. म्हणजे—मी त्यांना ‘तू’ लिहिलंय. चार पानं.

हसू नका ना. चौसष्ट वर्षांचे संचालक, आणि मी लिहितेय ‘तुझी संस्था’, ‘तुला लाज वाटायला हवी’—अकराव्या वर्षी टोरोंटोला गेले मी, आपल्या कोरियनमध्ये कोणापुढे किती वाकून बोलायचं ते तिथं कोण शिकवणार? म्हणून मसुदा—बरं, सांगते—एआयकडून करून घेतला. म्हटलं, खुशामत नको, सरळ लिही. त्यानं सरळ लिहिलं.

विषय? विषयच तर महत्त्वाचा. आपल्या बॅटरी विभागात आठ जण चोरून एआय वापरतात, निष्कर्षसुद्धा त्याच्याकडूनच लिहून घेतात, आणि विचारलं की म्हणतात, छे, आम्ही नाही. विज्ञान असं चालतं का? नाही चालत. मग कोणीतरी बोलायला नको? मी नावानिशी लिहिलं. ग्वाकदादांचंही—हो, देजॉनमध्ये मला खोली त्यांनीच शोधून दिली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तिसऱ्या पानावर मागणीच केलीय, ‘माणसानं वाचल्याशिवाय एक ओळही बाहेर जाऊ देऊ नकोस.’ —मी? मी वाचलं होतं. चाळलं होतं. ताई, शुक्रवारी माझ्या करारावर सही करायचीय त्यांना, ज्यांच्यापुढे साधा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरायचा, त्यांना मी—

काय? ते पत्रं वाचतच नाहीत, फक्त सारांश वाचतात? मग छापता कशाला—फाइल जाड दिसावी म्हणून? आणि तो सारांश कोण—तुम्ही पण एआयलाच करायला देता? बघू. ‘डॉक्टर माँग आपल्या निदर्शनास अत्यंत नम्रपणे आणू इच्छितात’—अगं बाई, किती छान लिहिलंय. ‘आपण’, ‘आपली कृपा’. पाच ओळी. खाली आठ नावं. ग्वाक पहिले.

हा शिक्का कसला? चौकशीचा? आठही जणांच्या? आजच?

नाही, बदलायचं काही नाही. चार पानं तेवढी फाडून टाका. आणि ग्वाकदादा आले तर—मी इथं आले होते म्हणू नका. जेवायला त्यांच्याच टेबलावर बसते मी. येते.