कोणाचीच हरकत नाही

शस्त्रपरवान्याच्या खिडकीशी माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. त्यांची आई मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"वडील गेले, साहेब. त्यांची बंदूक वारसाच्या नावावर करायची आहे. हे माझं ना-हरकत पत्र."

"आणि हे माझं."

"दोघांचंही? अहो ताई, ज्याला बंदूक नको, त्याने ते द्यायचं असतं."

"म्हणूनच दिलं. कुकरची शिट्टी झाली तरी आमचे हे दचकतात. हा वंशाचा दिवा म्हणून मिरवतो ना, यालाच द्या."

"मला नको, ताई. पार्किंगवरून शेजाऱ्याशी माझं रोज वाजतं. घरात बंदूक आली तर मला माझीच भीती वाटेल."

"मग सरकारजमा करून टाका."

"आई आम्हाला घरात घेणार नाही. बंदूक सध्या पोलीस ठाण्यात ठेवली आहे, तर तिला तेलपाणी करता की नाही, म्हणून ती तिथल्या हवालदारांना जाऊन झापते."

"मग आईंच्याच नावावर करा की."

"हळू बोला, साहेब. तिच्या हातात काही नसतं तेव्हाच आमची बोबडी वळते."

आई बाकावरून उठून खिडकीशी आली.

"माझ्या नावावर करायला कोणाची हरकत आहे?"

"नाही, आई."

"मुळीच नाही, आई."

"आणि साहेब, तुमची?"

"माझी कसली हो, आई. तुम्ही आधी आत येऊन खुर्चीवर बसा."