डावा गुडघा

बायको : डावा गुडघा कुणाचा?

नवरा : कुठला गुडघा?

बायको : हा. तुझ्याच अक्षरात आहे. ‘दुसरं बेट. धक्क्यापासून चढ आहे, डाव्या गुडघ्याला त्रास होईल, गाडी मिळते का विचारणे.’ कुणाचा गुडघा?

नवरा : माझाच.

बायको : काल तू बारा मजले जिन्याने चढलास.

नवरा : लिफ्ट बंद होती म्हणूनच मला बोलावलेलं ना. बंद लिफ्टने वर कसा जाणार?

बायको : तेच म्हणतेय मी. बारा मजले चढणारा माणूस एका चढाला घाबरतो?

नवरा : पुढेमागे दुखू शकतो.

बायको : बस खाली. कान लाल झालेत तुझे. अरे, मी दिवसभर विम्याच्या ऑफिसात दुसरं काय करते? गाडी झाडावर आदळली म्हणून कागद येतात, भरपाई द्या म्हणून, आणि फोटोत झाडच नसतं. तुझ्या फोटोतही झाड नाहीये.

नवरा : सुट्टीला जायचंय, एवढंच आहे फोटोत.

बायको : अकरा वर्षं झाली लग्नाला. सुट्टी म्हटलं की तुझं ठरलेलं, ‘लिफ्ट काय सांगून बंद पडते?’ आणि आता एकदम पाच बेटं, नऊ दिवस, तासातासाचा कार्यक्रम. ‘बोटीत डावीकडे बसणे, सकाळचं ऊन उजवीकडून येतं.’ आपल्या घरात ऊन कुठून येतं सांग बरं.

नवरा : खिडकीतून.

बायको : वा. आणि खोल्या दोन. दोन कशाला?

नवरा : सामान असतं ना.

बायको : सामानाला वेगळी खोली. पलंग, पंखा, समुद्राकडची खिडकी. चैन आहे सामानाची.

नवरा : तू जरा आवाज कमी कर. आई आत आहे.

बायको : हां. आता आलं लक्षात. तुझी आई येतेय. गुडघा, दुसरी खोली, ‘मीठ कमी, आधी सांगून ठेवणे’. सरळ सांगायचं होतंस ना. मी काय नाही म्हणणार होते?

नवरा : म्हणाली असतीस.

बायको : म्हणाले असते. पण सांगायचं तरी.

(सासूबाई आतल्या खोलीतून येतात.)

सासूबाई : माझ्या गुडघ्याचं काय चाललंय?

बायको : काही नाही आई, तुम्ही येताय ना बेटांवर, त्याचं.

सासूबाई : मी? मला तिकिटाच्या खिडकीपाशीच मळमळायला लागतं. आणि माझा गुडघा उजवा आहे गं. डावा ठणठणीत आहे, त्याचं नाव घेऊ नका. तुम्ही दोघं नऊ दिवस नसणार म्हणजे नऊ दिवस रिमोट माझ्या हातात. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?

बायको : मग दुसरी खोली कुणाची?

सासूबाई : अरे, अजून सांगितलं नाहीस हिला? मग आठवडाभर माझ्या कानाशी काय कुजबुजत होतास?

नवरा : आई.

बायको : म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

सासूबाई : मला काहीही माहीत नाही. असंच सांगायचं ठरलंय. मी गॅलरीत कपडे काढायला जाते, वाळले नसले तरी.

बायको : थांबा, जाऊ नका. तुमच्यासमोरच होऊ दे. हे ऐका. ‘दुपारी दोन तास पडणे, औषधानंतर झोप येते.’ मी कसलंही औषध घेत नाही. हा घेत नाही. ‘तिसरं बेट. शिंपल्यांचा किनारा. इथे घाई करायची नाही. तिला हवं तेवढं वेचू देणे.’ तिला. ही कोण?

नवरा : वाच पुढे.

बायको : पुढे काय वाचू? मी वाकून एक शिंपला उचललेला नाही जन्मात. मला वाळूच आवडत नाही, चपलेत जाते. शिंपले वेचायची ती माझी...

सासूबाई : बस गं जरा.

बायको : डावा गुडघा माझ्या आईचा.

नवरा : हो.

बायको : आठ वर्षं झाली तिला जाऊन. हे तू कुठून आणलंस?

नवरा : उतरवून घेतलं. तुझ्या बाबांकडून.

बायको : बाबांकडे गेलास तू? मला न सांगता?

नवरा : गेलो नाही. तक्रार आली, माणूस लिफ्टमध्ये अडकलाय. सहावा आणि सातवा यांच्या मधे. गेलो, तर आतून त्यांचा आवाज. चाळीस मिनिटं लागली दार निघायला. आम्हाला शिकवलंय, आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, नाहीतर घाबरतो. मी वरून विचारलं, आजोबा, सुट्टीत कुठे जाता? त्यांनी मला ओळखलं नव्हतं. म्हणाले, जायचं होतं एकदा. मग चाळीस मिनिटं ही पाच बेटं. सगळं पाठ.

बायको : आणि तू ऐकत बसलास.

नवरा : ऐकत ऐकत काम केलं. दार उघडल्यावर मला बघितलं त्यांनी. मग वर घेऊन गेले, कपाटातून कागद काढला. मूळ कागद त्यांना देववेना, मग मी उतरवून घेतला.

बायको : गुडघ्यासकट.

नवरा : मला वायरिंगच्या नकाशाची सवय आहे. एक रेघ गाळली की लिफ्ट चालत नाही.

बायको : तुला सगळं माहीत आहे तरीही. एकवीस दिवस आई दवाखान्यात. मी सकाळी सातला पोचायचे तर बाबा निघतच असायचे. कुठे चाललात, तर काम आहे. रिटायर झालेल्या माणसाला कसलं काम? तिची शेवटची घरघर लागली तेव्हाही त्यांची खुर्ची रिकामी. मी सांगितलं, आता माझ्या दारात येऊ नका.

सासूबाई : आणि नाही आले. माणूस शब्दाला जागला, काही म्हण.

बायको : आई, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.

सासूबाई : मी कुणाची घेत नाही. मी गॅलरीत चालले होते.

नवरा : ते रोज बोटीच्या ऑफिसात जायचे.

बायको : असं ते म्हणाले. लिफ्टमध्ये. पुरावा काय? आठ वर्षांत कुणीही काहीही रचू शकतं. मी रोज बघते.

नवरा : मग विचार ना. नंबर लावून देतो. जशी ऑफिसात विचारतेस तशी विचार.

बायको : लाव. आवाज मोठा ठेव, आईंनाही ऐकू दे.

वडील : हॅलो. कोण?

बायको : मी.

वडील : थांब. रेडिओ बंद करतो. हं. बोल.

बायको : एकच विचारायचंय. दवाखान्यातून निघून रोज कुठे जायचात?

वडील : बोटीच्या ऑफिसात. ते उशिरा उघडायचं, मी बाहेर बाकावर बसायचो. एकदा धक्क्यावर जाऊन पायऱ्या मोजल्या. चौदा निघाल्या. कठडा एकाच बाजूला.

बायको : डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं, ती घरी येणार नाही.

वडील : तिलाही सांगितलं होतं.

बायको : मग हे कशाला?

वडील : तिनेच पाठवलं. म्हणाली, तुम्ही इथे बसून रडणार आणि समजूत मला काढावी लागणार. त्यापेक्षा बाहेर फिरा आणि उद्या मला काहीतरी सांगायला घेऊन या. मग मी रोज एक बेट करायचो. पाच संपली की पुन्हा पहिल्यापासून, जरा नीट.

बायको : सांगायचात कधी? मी दिवसभर तिथेच असायचे.

वडील : पहाटे साडेपाचला. वॉचमन सोडायचा. तू आलीस की निघायचो.

बायको : मला कुणीच सांगितलं नाही.

वडील : ती नको म्हणाली. पोरगी खंबीर राहिलीय, तिच्यासमोर हे खेळ नकोत म्हणाली.

बायको : आणि नंतर? आठ वर्षं होती की तुमच्याकडे.

वडील : तू विचारलं नव्हतंस. तू सांगितलं होतंस.

बायको : शेवटच्या सकाळी काय सांगितलंत तिला?

वडील : परतीचं. परतीच्या बोटीचं बघून आलो होतो. तिला नाही आवडलं. म्हणाली, एवढ्यात परतायची काय घाई आहे? आता उरलेलं नीट बघून या. म्हणून पुन्हा गेलो.

सासूबाई : अगं, पाणी घे.

बायको : नको. बाबा, ऐकताय?

वडील : ऐकतोय. जावई म्हणाले, तुम्ही दोघं जाताय. जा. तिसऱ्या बेटावर भरतीची वेळ तेवढी सांभाळा.

बायको : खोल्या दोन आहेत.

वडील : हं?

बायको : दोन खोल्या आहेत. आणि तुमचा कागद जुना झालाय. मला संशय आला म्हणून सकाळीच सगळ्या बोटी तपासल्या. परतीची बोट आता बुधवारी नसते. शुक्रवारी असते.

वडील : म्हणजे दोन दिवस जास्त होतात.

बायको : दोन दिवस जास्त. लिहून घ्या.

वडील : थांब. चष्मा आणतो.