घरामागं धा कोंबड्या

(बीडजवळचं, नुकतंच नगरपंचायत झालेलं एक गाव. ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे गल्लीतल्या बहुतेक घरांना कुलपं. भर दुपार.)

कौशल्याबाई : खुराड्याला हात लावू नको, अजिनाथा. नगरपंचायतीचा मुकादम असशील तर तुझ्या गाडीपाशी. हितं माझं अंगण हाय.

अजिनाथ : मावशी, मला काय हौस हाय का? ठराव झालाय. वस्तीत घरामागं धा कोंबड्या. त्याच्यावर एक बी न्हाई. तुमच्याकडं अठरा निघाल्या. आठ उचलायच्या, कोंडवाड्यात टाकायच्या, साहेबाला फोटो पाठवायचा.

कौशल्याबाई : गाव शहर झालं म्हणं! नळाला पाणी आठ दिवसाला, गटार दारातून वाहतंय, आन् पहिला ठराव कशाचा? तर कोंबड्यांचा.

अजिनाथ : ते साहेबाला सांगा. माझी आई बी नेकनूरला कोंबड्या पाळती. पण तक्रार आली की आमाला यावंच लागतं.

कौशल्याबाई : तक्रार कुणी केली ते म्हाईत हाय मला. ती बघ, भिंतीला टेकून उभी हाय. शिवकन्ये, ये की अल्याड. शेजारीण तू माझी, पुतणसून तू माझी. लांबून तमाशा कावून बघतीस?

शिवकन्या : मी माझ्या दारात उभी हाय, आत्याबाई. आन् व्हय, म्याच केली तक्रार. वास येतो. पिसं उडून आमच्या पाण्यात पडतेत. खोटं हाय का?

कौशल्याबाई : खोटं न्हाई. पण तू पिसांपायी गेली न्हाईस तिकडं.

शिवकन्या : मग कशापायी गेले, ते तुमीच सांगा ह्या भाऊला. सांगा की.

अजिनाथ : तुमच्या भावकीचं तुमी सांच्याला निस्तरा. मावशी, सरका. आणखी दोन गल्ल्या हायत मला.

कौशल्याबाई : आरं, ह्या माझ्या न्हाईत! पाय बघ त्यांचे. लाल चिंधीच्या रोहिणीच्या, निळ्या सुंदरबाईच्या, पिवळ्या अंजूच्या. बाया उसाला गेल्या की कोंबड्या माझ्याकडं निम्म्यानं ठिवून जातेत. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी माझी. माझी सोताची ती एकच, बिनचिंधीची. तिला ने. जा, धर.

अजिनाथ : एकीनं भागत असतं तर मी चहा पिऊन गेलो असतो. आठ पायजेत.

कौशल्याबाई : कोंडवाड्यात कोण दाणा टाकणार त्यांना? तिथं कुत्री शिरतेत. उद्या सकाळी पिसं गोळा करावी लागतील. आन् बाया आल्यावर त्यांना काय सांगू? ठराव झालता म्हणू? रोहिणी जाताना म्हणली, काकू, तुमी हायत म्हणून घोर न्हाई. तिला म्या शब्द दिलाय.

अजिनाथ : मग ज्याच्या कोंबड्या त्याच्या अंगणात सोडा. घरामागं धा चालतेत, कुणाची काय हरकत न्हाई.

कौशल्याबाई : घरं कुलपात हायत, दिसत न्हाई का तुला?

अजिनाथ : कुलपाचं घर धरत न्हाईत. माणूस राहतं पायजे. तसं उघडं घर गल्लीत ह्यांचं एकच दिसतंय.

शिवकन्या : माझ्याकडं बघू नका.

अजिनाथ : ताई, तुमी आठ ठिवून घेतल्या तर ह्यांच्याकडं धाच राहतेत. तक्रार बी मिटती, माझा फोटो बी होतो.

शिवकन्या : गेल्या साली उसाला जाताना म्या बी माझी कोंबडी दिलती ह्यांच्याकडं. काळी. उमापूरच्या माझ्या आईनं दिलेली, खुडूक बसलेली. परत आले तर कोंबडी न्हाई. म्हणं, मुंगसानं नेली.

कौशल्याबाई : झालं गेलं ते. आज हा दारात उभा हाय, आजचं बोल.

शिवकन्या : मुंगूस पिसं उपटून उकिरड्यात पुरतंय व्हय, आत्याबाई? उन्हाळ्यात शेण भरायला गेले तवा फावड्याला आली. माझ्या काळीचीच पिसं. हातानं उपटलेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई.

कौशल्याबाई : बरं, म्या खाल्ली म्हण. खाल्ली, माफ कर. दुसरी देते तुला. ही बिनचिंधीची घे.

शिवकन्या : मला कोंबडी नको. मला खरं पायजे. तिच्या जिवावर तुमी अंगतपंगत केली, आन् तवाच माझा सासरा आमच्या घरात एकटा तडफडून मेला. मला कारखान्यावरून यायला दोन दिस लागले. तोंड बघायला घावलं न्हाई त्यांचं. आन् तुमी पल्याड रस्सा भुरकत होता!

कौशल्याबाई : शिवकन्ये, तोंड सांभाळ.

अजिनाथ : साहेबाचा फोन हाय... हा साहेब. हा, उचलतोय साहेब. पाच मिनिटं... मावशी, आता ऐकू नका म्हणलं तरी ऐकावं लागतंय मला. बाजूला व्हा.

कौशल्याबाई : थांब.

अजिनाथ : न्हाई थांबत. ही लाल चिंधीची पहिली.

कौशल्याबाई : आरं थांब म्हणते ना! सोड तिला, अंड्यावर आलीय ती... शिवकन्ये, मला कशात घातलंस गं बाई तू! इकडं जित्या बायांना दिलेला शब्द, तिकडं मेलेल्याला दिलेला. कोणता मोडू?

शिवकन्या : मेलेल्याला? कुणाला?

कौशल्याबाई : तुझ्या सासऱ्याला. उत्तरेश्वरभावजींना.

शिवकन्या : तात्यांचं नाव कावून घेता मधी?

कौशल्याबाई : चार दिस अन्न गेलं न्हाई त्यांच्या पोटात. दूध दिलं, पेज दिली, समदं उलटायचं. मग एका सकाळी म्हणले, वैनी, कोंबडीचा रस्सा प्यावा वाटतोय. म्या माझी धरायला गेले. तवा माझी एक बी नव्हती, मानमोडीच्या रोगात समद्या गेलत्या. दुसऱ्यांच्या होत्या. तर तेच म्हणले, घरचीच कापा. काळी आपलीच हाय.

शिवकन्या : तात्या म्हणले? माझी काळी कापा म्हणून?

कौशल्याबाई : म्या म्हणले, सुनबाईला फोन लावते, इचारते. तर हात जोडले माझ्यापुढं. म्हणले, नको. ती तिकडं थंडीत मोळ्या वाहती, आन् म्हातारं हितं तिच्या माहेरची कोंबडी खातंय, लाज वाटती वैनी. कवाच सांगू नका. म्या त्यांच्या हातावर हात ठिवला. आता मोडला बग तो शब्द. तुझ्यापुढं, ह्या मुकादमापुढं मोडला.

शिवकन्या : मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते का, आत्याबाई?

कौशल्याबाई : म्हणली नसतीस. त्यांना बी ठाव होतं. म्हणूनच लाज वाटली.

शिवकन्या : साल होत आलं, मी बायामधी तुमाला चोर म्हणत फिरते. एकदा बी तोंड उघडलं न्हाई तुमी.

कौशल्याबाई : उघडायसारखं वाटलं लई डाव. पाणवठ्यावर सुंदरबाईनं मला तोंडावर इचारलं, तवा तर रडायला आलतं. पण म्हणलं, म्हातारं गेलं, त्याची लाज तरी झाकली राहू दे.

अजिनाथ : मावशी... मी काय करू? साहेब परत फोन लावतोय.

शिवकन्या : ती हातातली हिकडं द्या, भाऊ. लाल आन् निळ्या चिंधीच्या माझ्याकडं सोडा. आठ मोजून द्या. फोटो दोन्ही अंगणांचा काढा.

अजिनाथ : आन् तक्रार?

शिवकन्या : उद्या येऊन मागं घेते. आज न्हाई जमायचं मला.

कौशल्याबाई : सांच्याला झाकताना पाणी ठिव त्यांना. लाल चिंधीची एक भांडकुदळ हाय, तिला येगळी डालग्याखाली घाल.

शिवकन्या : घालते. आत्याबाई...

कौशल्याबाई : काय गं?

शिवकन्या : पोटभर जेवले का तात्या त्या दिवशी?

कौशल्याबाई : दोन वाट्या रस्सा प्याले. फोड एकच खाल्ली. बाकीचं म्हणले, झाकून ठिवा वैनी, सुनबाई उसातून भुकेली यील.