पाणकोंबडीतलं पाण

सून : त्या स्टुलावर नका बसू आई, कोल्हा वाळत ठेवलाय.

सासू : हा अजून वाळतोच आहे? माझी या संग्रहालयातली नोकरी संपली, याचं वाळणं काही संपलं नाही. सरक रे बाबा, म्हातारीला टेकू दे. हं, बोल. फोनवर नुसती मुसमुसत होतीस. मला वाटलं घरातलं कुणी गेलं.

सून : गेलंच म्हणा. आत्याबाई.

सासू : आत्याबाई? अगं, त्यांना जाऊन एक जमाना झाला. पेंढा भरून काचेत उभ्या आहेत. आता आणखी कुठे जाणार?

सून : मस्करी नका करू. मॅडमनी त्यांचं एक पीस बाहेर तपासायला पाठवलं होतं. त्या जातीचं जगात दुसरं काही उरलेलं नाही ना, म्हणून त्या शास्त्रज्ञांना हवं होतं. आज रिपोर्ट आला.

सासू : काय आलंय त्यात?

सून : कोंबडी.

सासू : मग बरोबर आहे की! पाणकोंबडीच आहे ती. एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी लावलीय.

सून : पाणकोंबडी नाही, आई. कोंबडी. साधी. खुराड्यातली.

सासू : टाइप करताना पाण गळलं असेल.

सून : नाही गळलेलं! मॅडमनी फोन करून विचारलं. ती लोकं हसली म्हणे त्यांना. आता मॅडमना वाटतंय, खरी आत्याबाई कुणीतरी बाहेर विकली आणि तिच्या जागी ही बनवून ठेवली. कपाटाची किल्ली माझ्याकडे. बनवता येतं तेही मलाच.

सासू : तुला चोर म्हणाली ती?

सून : म्हणाल्या नाहीत. माझी पिशवी उघडून बघितली. डबासुद्धा.

सासू : डब्यात काय आत्याबाई बसल्या होत्या?

सून : भाजी होती. तिच्याकडेही संशयानंच बघितलं. दारावरचा वॉचमन बघत होता, तिकीटवाली बघत होती. मी आपली झाकण लावायला गेले तर झाकण बसेना. आणि आता पोलिसांना बोलावणार आहेत. त्याआधी तुम्ही या, म्हणून फोन केला.

सासू : पाणी पी आधी.

सून : पाणी नको. मला एक सांगा. छातीची पिसं मी बदललेली, मान मी बदललेली. ती कोंबडीचीच, मला ठाऊक आहे. म्हणून मी पाठवताना मुद्दाम उजव्या पंखाखालचं काढलं. म्हटलं, इथे कुणाचा हात पोचला नसेल. इथे तरी आईंनी काही केलं नसेल.

सासू : या कोल्ह्याच्या कानाला कसर लागलीय बघ.

सून : आई, पंखाखाली काय केलंत तुम्ही?

सासू : काय करणार? गळत होती. रोज सकाळी काचेत खाली दोन-तीन पडलेली. आधीचे साहेब म्हणायचे, पाहुणे यायचेत, टकली नको दिसायला. मग कोंबडीची पिसं निळ्या शाईत बुडवायची, वाळवायची, वरून पातळ कॉफी...

सून : ते मला तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं, इथेतिथे डागडुजी करायला.

सासू : डागडुजीच होती गं. फक्त कधी थांबली नाही.

सून : बरं, पिसं जाऊ द्या. आतलं कातडं तर मूळचं आहे?

सासू : विरलं होतं. हात लावला की पापुद्रे. आतून अस्तर लावलंय.

सून : कसलं अस्तर?

सासू : तुझ्या सासऱ्यांचा शर्ट. चांगला होता, कॉलरच तेवढी फाटलेली.

सून : अहो आई! जगातली शेवटची पाणकोंबडी, आणि आत बाबांचा शर्ट?

सासू : त्यांना सांगू नकोस. अजून शोधतात.

सून : हसू नका. मलाही हसू येतंय आणि रडूही. चोच? चोच तरी? ती मी फक्त रंगवली, मूळची म्हणून किती जपून, श्वास धरून रंगवली.

सासू : लाकडाची आहे. मूळची माझ्या आधीच्या माणसानं पाडली होती, मला आल्या दिवशी कानात सांगितलं. पाय त्यानंच केलेले. डोळे तर काय, बटणंच.

सून : म्हणजे रोज सकाळी मी ज्यांना हात जोडायचे...

सासू : मीही जोडायचे. बघायच्याच तशा. दारातून आत आलं की मान वाकडी करून, जशी नणंद भावजयीच्या घरात चूक काढायला आलीय. म्हणून तर मी नाव ठेवलं आत्याबाई.

सून : बटणं बघत होती आपल्याकडे, आई. जुनी पिसं कुठे गेली? एक जरी मिळालं ना, तरी मी सांगेन, हे घ्या, हे तपासा, आम्ही विकली नाही, आमच्या हातून झिजली.

सासू : केरात गेली.

सून : सगळी?

सासू : सगळी. गळलेली पिसं कुणी ठेवतं का? दे, त्या कोल्ह्याचा कान टाचून देते.

सून : तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही आता.

सासू : तू ओवून दे. सुयांची उशी कुठाय माझी?

सून : ही काय. मीच वापरते ती. राहू द्या इकडे, मला पुढचा पंखही...

सासू : आण इकडे. मांडीवर असली की बरं वाटतं.

(मॅडम दार न वाजवता आत येतात.)

मॅडम : मावशी, तुम्हाला कुणी बोलावलं?

सासू : सून माझी आहे मॅडम, बोलवावं लागत नाही. बसा. तिथे नको, कोल्हा आहे.

मॅडम : मी उभीच ठीक आहे. हे बघा, मला कुणावर आळ घ्यायचा नाहीये. पण तो पक्षी आम्ही पोस्टरवर छापलाय. मी स्वतः काचेसमोर उभी राहून शाळेच्या पोरांना सांगते, डोळे भरून बघा, ही पुन्हा कधी दिसणार नाही. मागे एक मुलगी रडली. मी तिचे डोळे पुसले. एका कोंबडीसाठी!

सून : मॅडम, सगळं मी केलंय. पिसं मी बदलली. आईंचा यात काही संबंध नाही.

सासू : गप बस. मोठी आलीय संबंध तोडणारी. मॅडम, ही लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हाच आत्याबाई अर्ध्या कोंबडी झाल्या होत्या. हिनं पुढचा अर्धा भाग केला, तोही मी शिकवला तसाच.

मॅडम : म्हणजे विकली नाही?

सासू : विकायला होती कुठे? रोज थोडी थोडी पडत होती, रोज थोडी थोडी नवी लावत होतो. एक दिवस असा नव्हता की ती बदलली असं म्हणता येईल.

मॅडम : आणि कुणी बोललं नाही? इतक्या वर्षांत एकदाही?

सासू : कुणाला बोलायचं? साहेब म्हणायचे, वा मावशी, कशी टवटवीत दिसतेय. मलाही गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू?

मॅडम : पाठीवरची पिसं मूळची होती. ते मला नक्की माहीत आहे. मी इथे रुजू झाले तेव्हा एका जुन्या फोटोशी मी स्वतः ताडून पाहिली होती. पुसट, राखाडी, कडेला जरा विस्कटलेली. ती कुठे आहेत?

सून : पाठीवरची?

मॅडम : हो. मधली रांग.

सून : ती तर गेल्या वर्षी काढली. तुम्ही म्हणालात ना, पोस्टरसाठी फोटो काढायचाय, पाठीचा रंग उठून दिसत नाही, जरा बघा. मी बघितलं. ती इतकी उडालेली होती, मला वाटलं आईंनी जुन्या शाईत रंगवलीयत.

सासू : अगं... तेवढीच तर मी सोडली होती. पोलीस आले तर तीच दाखवणार होते.

सून : तुम्ही मला सांगितलं नाहीत!

सासू : काय सांगणार होते? की एवढी पाठ खरी आणि बाकीची खोटी? जिभेवर आलं नाही गं माझ्या. वाटलं, ही हुशार आहे, हिला कळेल.

सून : मला वाटलं, तुमचं काम जरा कच्चं आहे. मनात म्हटलंसुद्धा, आईंचा हात आता राहिला नाही. आणि उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मॅडम, मी उपटली. आवाजही आला नाही.

मॅडम : माझ्या फोटोसाठी.

सून : तुम्ही उपटायला नव्हतं सांगितलंत.

मॅडम : विचारलंही नाही मी. फोटो बघून काय म्हणाले, आठवतंय?

सून : आता कशी जिवंत वाटतेय, म्हणालात.

मॅडम : आणि आज सकाळी तुमचा डबा उघडला. सगळ्यांसमोर.

सून : असू द्या.

मॅडम : नाही, असू द्या नाही. ...बसते जरा. कोल्हा सरकवा. खरं सांगू मावशी? चोरी असती तर बरं झालं असतं. चोरलेली वस्तू कुठेतरी असते. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुलूपबंद, पण असते. इथे तर कुणी नेलीच नाही. आपण तिघी तिची काळजी घेत बसलो आणि ती नाहीच उरली.

सून : आई, उशी अशी घट्ट का धरलीत? सुया टोचतील.

सासू : असते म्हणाल्या ना मॅडम.

मॅडम : काय?

सासू : ती पाटी कुणी लिहिली हो? काचेखालची?

मॅडम : आहे ती फार जुनी. का?

सासू : म्हणून दाखव गं.

सून : आत्ता?

सासू : पुसतेस ना रोज? म्हण.

सून : ‘दलदलीतील पाणकोंबडी. हिची पिसे अत्यंत मऊ व हलकी असत. उशा व गाद्या भरण्यासाठी माणसांनी हिची शिकार केली. आता नामशेष.’

सासू : मीही पुसायची. फडकं फिरवायची ते ‘उशा व गाद्या’वरून जरा भराभर फिरवायची. पहिलं पीस गळलं ना, ते केराच्या सुपलीत टाकलं होतं. परत उचललं. टाकवेना. इतकं हलकं, की तळहातावर आहे का नाही कळायचं नाही. फडक्यात बांधून ठेवलं, म्हटलं चांगला डिंक आणू आणि लावू. दुसरं गळलं, तिसरं गळलं. गाठोडं झालं. आणि एक दिवस या सुयांच्या उशीतला कापूस दबून दगड झाला. सुई आत जाईना. काम तर तुंबलेलं. हाताशी दुसरं काही नव्हतं.

सून : आई, नाही...

सासू : ठेवली तर हाताशी राहतील, असं मी मनाला सांगितलं. पण तसं नव्हतं. मऊ होती म्हणून भरली. बाकीच्यांनी भरली तशीच मीही भरली. सुई कशी अलगद जायची, काय सांगू.

मॅडम : यात? ही जी तुमच्या मांडीवर आहे, तिच्यात?

सासू : हीच. मघाशी सुनेला खोटं सांगितलं, केरात गेली म्हणून. चोर ठरत होती ती, तरी माझ्या तोंडून निघेना. केरात टाकली म्हटलं तर माणूस नुसता निष्काळजी ठरतो. हे सांगायचं तर... घ्या. पाठवा तुमच्या लोकांना. यातून निघेल पाण.

मॅडम : पोलिसांचं मी बघते. तुम्ही दोघी... मी बघते ते. कात्री आहे?

सून : ही घ्या. थांबा, मी उसवते. टाके आईंचे आहेत, मला कळतात.

सासू : उसवू नकोस लगेच. आधी सुया काढू दे.

सून : तुम्हाला दिसतात का?

सासू : दिसायला कशाला हव्यात? मीच खोचल्यात.

सून : त्यात माझ्याही आहेत, आई. सरका जरा.