प्रती पाचशे

—नाही हो ताई, छापून देतो, छापायला माझी ना कुठेय? दोन हजार पत्रकं, एका बाजूनं, काळी शाई, उद्या दुपारी घेऊन जा. मी एवढंच विचारलं की कशाला छापताय. बसा ना. त्या कागदाच्या रिमांवर बसा, खुर्चीला पाय तीनच आहेत. आणि जरा मोठ्यानं बोला, आत मशीन चालू आहे आणि हा डावा कान गेलाय—तीस वर्षं मशीनकडे हाच कान करून उभा राहिलो. तर काय लिहिलंय—'उमेदवारांच्या खर्चाला आळा घाला, पैसा कुणाचा ते लोकांना कळू द्या, सोमवारी सुनावणीला या.' छान. 'आळा' हा सरांचा शब्द. त्यांचंच आहे ना हे? कमाल आहे म्हाताऱ्याची. गुडघे चालतात का अजून? आणि त्यांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं?—नाही? मग? अच्छा. जुन्या पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, ते वाचून आलात. हं. म्हणजे त्यांना माहीत नाही. सांगूही नका.

ती तळाची ओळ सहसा कुणी वाचत नाही. तुम्ही पहिल्याच. नाही—दुसऱ्या. कायदाच आहे तो, निवडणुकीच्या प्रत्येक कागदाखाली छापणाऱ्याचं नाव घालायचं आणि किती प्रती छापल्या तो आकडा. का? तर उमेदवारानं किती खर्च करायचा त्याला मर्यादा आहे ना, मग पोस्टरं किती ते कळायला नको? मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरात असते ओळ. चांगला कायदा आहे. मला आवडतो. हसताय काय, खरंच आवडतो—नाहीतर सरांच्या समितीत मी नऊ वर्षं झक मारायला होतो? हो, मी! दर रविवारी सकाळी इथेच बसायचो आम्ही, याच रिमांवर. सर—शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झालेले, एक औषधाच्या दुकानवाल्या बाई, एक बस कंडक्टर, त्याला दर दहा मिनिटांनी उभं राहून बोलायची सवय, आणि मी. चहा माझा, कागद माझा, छपाई फुकट. सह्या गोळा करायच्या, अर्ज करायचे, 'अर्ज मिळाला' असं उत्तर आलं की एकमेकांची पाठ थोपटायची. नऊ वर्षांत आम्ही काय मिळवलं सांगू? अर्ज मिळाल्याची एकशे चौदा उत्तरं. सरांनी तारीखवार लावून ठेवलीत.

मग मागच्या निवडणुकीत सरांच्या डोक्यात आलं की आपण मोजू, आणि उमेदवारानं दाखवलेल्या खर्चाशी ताडून बघू. म्हणजे काय, तर एकाच वॉर्डातली, एकाच उमेदवाराची—ते साहेब हो, निवडून आलेच आहेत, पुन्हा उभे आहेत—त्यांची पोस्टरं भिंतीवर जाऊन मोजायची. रोज पहाटे चौघं निघायचो, खडू घेऊन. मोजलेल्या पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक रेघ, म्हणजे दुबार मोजणी नको. कंडक्टर डाव्या बाजूच्या भिंती, सर उजव्या. बाईंना दुकान उघडायचं असायचं, त्या बाजारापुरत्या. एकोणीस दिवस! सर पडलेसुद्धा एकदा, गटाराच्या कठड्यावरून, पण खडू हातातून सोडला नाही. आकडा झाला सहा हजार तीनशे अठरा. आणि प्रत्येक पोस्टरच्या तळाशी काय लिहिलं होतं? 'प्रती पाचशे.'

—हो. माझ्याच छापखान्याचं नाव.

पाणी घेता? नको. अहो, असं बघू नका, सगळेच छापतात. साहेबांचा माणूस येतो, चष्मेवाला, अगदी मऊ बोलतो, 'नेहमीसारखं' म्हणतो. नेहमीसारखं म्हणजे छापायची चाळीस हजार आणि लिहायची पाचशे. मी नाही म्हटलं तर पलीकडच्या गल्लीत छापतील, तिथे तर तो आकडाही घालत नाहीत! माझ्याकडे निदान ओळ असते. ही माझी—जाऊ दे. तर मी चौथा होतो ना मोजायला, माझाही खडू होता. एकोणीस दिवस मी स्वतःच छापलेली पोस्टरं मोजत हिंडलो आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. मला काय वाटलं? वाटलं, तळाची ओळ कोण वाचतंय. सरांची नजर अधू. पण विसाव्या दिवशी ते भिंग घेऊन आले इथे, एक पोस्टर उलगडलं टेबलावर आणि मला म्हणाले, 'हे बरं झालं, तुझ्याच छापखान्याचं आहे. आता साक्षीदार शोधायला नको.' ताई, त्या माणसाला माझा राग आला नाही हो! त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, मी खरं सांगणारच. यात विचारायचं काय?

सरांनी तक्रार केली, सुनावणी झाली. तीन अधिकारी, लांब टेबल, एक पंखा खटखट करणारा. मला विचारलं, किती प्रती छापल्या? मी सांगितलं, पाचशे. मग बाकीची कुठून आली? म्हटलं, माझं नाव घालून दुसऱ्या कुणी छापली असतील, मला काय ठाऊक. तीन मिनिटांत आटोपलं. सर पहिल्या बाकावर होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण कंडक्टर उभा राहिलेला दिसला, आणि पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

का केलं?—तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं. आमची थोरली साहेबांच्या शाळेत शिकवते. सहा वर्षं तात्पुरती होती, दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि दर वर्षी नवा अर्ज. तिच्या आईच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी पोरीला कायम केल्याचं पत्र आलं. चष्मेवाला काही म्हणाला नाही, बरं का! धमकी नाही, मागणी नाही, नुसतं अभिनंदन करायला आला. त्या पोरीला आजतागायत वाटतं की तिचं काम बघून कायम केलं. आणि ती चांगली शिकवते हो. गणितच शिकवते. तिला कुणी शिकवलं ते सांगायला हवं का?

पण खरं ते पुढेच आहे. खोटा आरोप केला म्हणून सरांना जाहीर माफी मागायला लावली. त्यांनी माफी लिहिली, स्वच्छ अक्षरात, आणि छापायला कुठे आणली? इथे. मी म्हटलं, सर, मी छापून वाटून टाकतो, तुम्ही त्रास घेऊ नका. म्हणाले, 'पाचशे छाप. आकडा घाल खाली.' मी छापली. ते तिथेच बसले, तुम्ही बसलात तिथेच, आणि गठ्ठा मांडीवर घेऊन मोजायला लागले. बोटाला थुंकी लावून, एकेक. पाऊण तास. पाचशे भरली तेव्हा म्हणाले, 'बरोबर आहे,' आणि उठून गेले. स्वतःच्या हातानं चिकटवत हिंडले सगळ्या वॉर्डात. तीस वर्षांत या छापखान्यातून निवडणुकीचा खरा आकडा गेला असेल तर तो तेवढाच. मला तेव्हा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

—सोमवारी? मी? नाही, नाही. ताई, काय बोलताय, मी येऊन काय सांगू—की मागे खोटं बोललो? मग पोरीचं काय? इथली अकरा माणसं? आणि समजा सांगितलं, तर काय होईल? ते तिघं लिहून घेतील आणि तुम्हाला उत्तर येईल, 'अर्ज मिळाला.' एकशे पंधरावं. माझ्यापुरतं सगळं संपेल आणि तिकडे भिंतीवर एक पोस्टर कमी होणार नाही. सरांना सांगा—नाही, काही सांगू नका. ही तुमची पत्रकं पलीकडच्या गल्लीत द्या. हो, आत्ता म्हटलं होतं छापतो. आता नाही म्हणतोय.

तिकडे कुठे चाललात? आत जाऊ नका, शाई ओली आहे. अहो—बरं, बघा. बघितलं? पोस्टरवर साहेबच आहेत. आजच्या दिवसातली ही बारा हजार, अजून रात्रपाळी व्हायचीय. काढलंत ना एक? घ्या, घडी करा आणि न्या. मी अडवत नाही. सोमवारी दाखवा त्या तिघांना. पण आधी तळाची ओळ वाचा, तुमची नजर चांगली आहे. काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा, मला ऐकू येत नाही.

पाचशे ना? मग झालं. निघा आता. आणि ही खडूची पेटी घेऊन जा सरांची, इथेच राहिलीय तेव्हापासून. मी दिली म्हणू नका.