कडूआत्याच्या शेळीचा फोटो

"हॅलो?… हां आत्या, बोल… न्हाई गं, कामात न्हाई."

कामातच होती. परभणीच्या ऑफिसात शालू लॅपटॉप उघडून बसली होती. पण बोरीहून कडूआत्याचा फोन आल्यावर तो न उचलायची तिची काय बिशाद!

"काय, शेळी मेली? कवा?… मग फोटो टाक की ॲपवर… टाकला? मग काय म्हणतंय?… परत सांग… 'फोटो बनावट'?"

शालूनं लॅपटॉप बाजूला सारला. बोरीच्या महिला गटाचं ते ॲप तिनंच केलेलं. गटातल्या कुणाची शेळी मेली, की शेळीच्या कानातल्या नंबराच्या बिल्ल्यासकट फोटो टाकायचा. फोटो खरा निघाला, की गटाच्या अध्यक्ष राजेश्रीताई दुसरी शेळी मंजूर करणार. लबाडी नको म्हणून ॲप फोटोच्या पोटात शिरून बघायचं, कधी काढला, कुठं काढला. आणि पोटात काहीच सापडलं नाही तर? तर बनावट. हा नियम शालूनंच मोठ्या ऐटीत घातला होता.

"ऐक ना… फोटो तुझ्या फोननं काढला?… शेजारच्या भागवतच्या? का?… हां, तुझ्यातून धुरकट येतो. मग त्यानं तुला व्हॉट्सॲपवर धाडला… सगळ्या बाया असंच करायल्यात?"

झालं! व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली तारीख, जागा सगळी पुसून जाते, हे शालूला चांगलं ठाऊक होतं. पण गल्लीत धड कॅमेरा एकाच्याच फोनला असतो आणि अख्खी गल्ली त्याच्याकडूनच फोटो मागून घेते, हे कसं सुचलं नाही? बोरीतच तर वाढली ती. आणि ॲप तपासलं कशावर, तर स्वतःच्या नव्या कोऱ्या फोनवर. लाजेनं तिचे कान तापले.

मग तिनं आत्याला समजावलं, की फोटो खराच आहे, ॲप चुकलंय, आजच्या आज दुरुस्त करते. सांगताना जीभ अडखळत होती.

"तुला शेळी मिळंल, आत्या… नको? का नको?… राजेश्रीताईनं इचारलं? भर बैठकीत?… मग तू काय म्हणलीस?… आत्या, बोल की…"

पलीकडून आत्या हळूच काहीतरी पुटपुटली.

"'फोटो खोटा हाय' म्हणलीस?… अगं पण का?… माझ्यापायी?… 'माझ्या भाचीचं ॲप खोटं बोलत न्हाई' म्हणलीस?"

शालूला रडूच फुटलं. जिनं जन्मात कुणाचं वाळकं सरपण न विचारता उचललं नाही, ती बाई सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं लबाड ठरली. कशासाठी, तर शालूच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून! आणि शालूनं मात्र तिला आधीच बनावट ठरवून ठेवलं होतं.

"कोण फोन करणार?… राजेश्रीताई?… आणि मी म्हणायचं, ॲप बरोबर हाय?… न्हाई आत्या, मी न्हाई म्हणणार… तू कुठं हायस? बैठकीतल्या बाया अजून आतच बसल्यात का?… मग आत जा, फोन स्पीकरला लाव… जाऊ दे माझी इज्जत, तू लाव… ऐक, फोटो खरा हाय, चूक माझी…"

आत्यानं फोन ठेवून दिला होता.